परतीच्या लाँचपासून सुरुवात

आमच्या घरातून घारापुरीची सहल दोनदा फसली. पहिल्यांदा आम्ही सोमवारी निघालो, कारण चुलतभावाची साप्ताहिक सुट्टी सोमवारची. गेटवेला पोचल्यावर कळलं, लेणी सोमवारी बंद असतात. मग कठड्याशी उभं राहून शेंगदाणे खाल्ले आणि घरी आलो. दुसऱ्या खेपेला रविवार धरला, पण मेगाब्लॉकचं वेळापत्रक बघायचं राहून गेलं. लाँचमध्ये बसेपर्यंत बारा वाजून गेले, बेटावर सव्वा वाजता उतरलो, मावशीच्या गुडघ्यांनी पायऱ्यांवर तीन विसावे घेतले आणि लेण्यात पोचून जरा टेकतोय तोच काकांनी मनगट पुढे केलं. "चला उठा. शेवटची लाँच गेली तर रात्रभर माकडांच्या शेजारी."

तिसऱ्या वेळी बेत आखायचं काम मावशीनं अंगावर घेतलं. शेजारच्या मासळीवाल्या कोळीणकाकूंशी तिचं जिन्यात अर्धा तास बोलणं झालं, आणि ती एक कागद घेऊन आली. आम्ही सगळे वर 'निघणे : सकाळी इतके वाजता' असं शोधत होतो. कागदाच्या पहिल्या ओळीत होतं, 'परत : चारची लाँच'. बाकीचं सगळं त्याखाली, उलट्या क्रमानं. कोपऱ्यात वार, तारीख आणि तिथी.

छोट्या बेटावर एका दिवसात जाऊन यायचं तर असाच कागद लागतो. घाटात उशीर झाला तर पुढची एसटी मिळते, नाहीतर कुणाच्या तरी गाडीतून येता येतं. बेटाला मागचा रस्ता नसतो. तिथे दिवसाची हद्द शेवटची लाँच ठरवते, आणि चढण्या-उतरण्याची सोय पाणी ठरवतं. आपल्या हाती राहतात मधले चार-पाच तास. ते नीट वापरायचे कसे, ते त्या कागदाच्याच क्रमानं सांगतो.

बेट कुठे, केवढं

घारापुरी मुंबईच्या इतकं जवळ आहे की ते मुंबईतच आहे असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. गेटवे ऑफ इंडियापासून पूर्वेला सुमारे दहा-अकरा किलोमीटर. लाँचला तासभर लागतो. बेटावर दोन टेकड्या आणि मधे अरुंद खळगा. पश्चिमेची टेकडी उंच, पावणेदोनशे मीटरच्या आसपास. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशी तीन गावं, त्यांची मिळून एक ग्रामपंचायत, वस्ती हजार-बाराशेची. बहुतेकांचं पोट मासेमारीवर, थोड्या शेतीवर आणि आपल्यासारख्या पाहुण्यांवर.

पर्यटकांना बेटावर मुक्कामाला परवानगी नाही. ही गोष्ट आधीच ठाऊक असली की 'लाँच चुकली तर बघू' हा विचार मनात येत नाही.

उलटी मोजणी

मावशीच्या कागदातला हिशोब असा होता. बेटावरून शेवटची लाँच संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सुटते. ही वेळ ऋतूप्रमाणे आणि गर्दीप्रमाणे पुढे-मागे होते, म्हणून सकाळी उतरल्याबरोबर धक्क्यावरच विचारून घ्यायची. शेवटची लाँच आपली धरायचीच नाही. तिच्यासाठी सगळं बेट एकाच वेळी धक्क्यावर येतं, रांग लागते, मुलं कंटाळलेली असतात. तिच्या तास-दीड तास आधीची लाँच आपली. म्हणजे चार.

चारला लाँच, तर साडेतीनला धक्क्याच्या टोकाशी. त्यासाठी तीनला पायऱ्या उतरायला सुरुवात. त्याआधी तासभर दुपारचा फेरफटका, त्याआधी पाऊण तास जेवण, त्याआधी लहान लेण्यांना अर्धा तास आणि मुख्य लेण्याला दीड तास. असं मागे मागे येत गेलं की लेण्याच्या दारात सव्वाअकराला उभं राहायला हवं. पायऱ्यांना वीस-पंचवीस मिनिटं, धक्का ओलांडायला पंधरा. म्हणजे साडेदहाला बेटावर पाऊल, साडेनऊला लाँच सुटलेली, नऊला गेटवेवर तिकीट हातात.

घरून निघायची वेळ ही कागदातली शेवटची ओळ. ठाणं, डोंबिवली, पनवेल, जिथून याल तिथून गाडीचा वेळ मोजा, सीएसएमटी किंवा चर्चगेटपासून गेटवेपर्यंत बस-टॅक्सीची वीस मिनिटं धरा आणि त्यावर अर्धा तास असाच ठेवा. हा अर्धा तास कुणी ना कुणी खातंच.

आता या हिशोबात काय आकसतं बघा. सकाळी तासभर उशीर झाला की तो परतीतून वजा करता येत नाही. लाँच तिथेच असते. वजा होतो तो लेण्यातला वेळ. आमच्या दुसऱ्या खेपेला नेमकं हेच झालं होतं. प्रवास पूर्ण झाला, लेणं अर्धं राहिलं.

कोपऱ्यातली तिथी

कागदाच्या कोपऱ्यात मावशीनं 'अष्टमी' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. आम्हाला वाटलं उपास असेल. ते कोळीणकाकूंचं गणित होतं.

मुंबईच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, म्हणून भरतीही रोज तेवढी पुढे सरकते. यावरून किनाऱ्यावरच्या लोकांनी एक सोपा आडाखा बसवला आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. प्रतिपदेला पाऊण वाजता, द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, पंधरवड्याचा आकडा घ्यायचा. आलेली वेळ सकाळचीही आणि संध्याकाळचीही. दोन भरत्यांच्या मधोमध, सहा तासांनी, ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला हिशोबानं सव्वाअकरा येतात आणि पाणी प्रत्यक्षात बाराच्या आसपास भरतं. अर्ध्या-पाऊण तासाची ही तफावत सहलीला चालते. ज्यांना मिनिटापर्यंत हवं त्यांनी भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावं. भिंतीवरच्या कॅलेंडरानं काम भागतं.

दुसरी गोष्ट पाणी किती चढतं-उतरतं याची. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. त्या दिवसांत मुंबईत भरती आणि ओहोटीच्या पातळीत साडेतीन-चार मीटरचा फरक पडतो, म्हणजे घराच्या एका मजल्याहून अधिक. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस. तेव्हा हा फरक त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो.

सहलीला याचा उपयोग काय? गेटवेला लाँचमध्ये चढायचं ते दगडी पायऱ्यांवरून. पाणी भरलेलं असेल तेव्हा वरच्या कोरड्या पायऱ्यांवरून सरळ पाय टाकता येतो. उधाणाच्या ओहोटीला खालच्या पायऱ्या उघड्या पडतात, आणि त्यांच्यावर शेवाळ असतं. लाँच खोल गेलेली, खलाशी हात देतो, पण मधली फट वर-खाली होत असते. आता पौर्णिमेचा दिवस धरा. भरती बाराला, ओहोटी सहाला. संध्याकाळी पाच वाजता दमून परत येऊ तेव्हा गेटवेच्या पायऱ्या जवळजवळ तळापर्यंत निसरड्या. अष्टमीला उलट. सकाळी सहाला भरती, बाराला ओहोटी, संध्याकाळी सहाला पुन्हा भरती. सकाळी चढताना पाणी मध्यावर, आणि परतताना पाणी आपल्याला जणू वर उचलून देतं. शिवाय भांगाचे दिवस, म्हणून कुठल्याही वेळी फरक थोडा. गुडघेदुखीवाल्यांना सप्तमी ते दशमी हे चार दिवस सोयीचे. मावशीच्या दोन रेघांचा अर्थ हा होता.

पाखरं पाहणाऱ्यांनाही हेच दिवस चांगले. दुपारी बाराला ओहोटी म्हणजे आपण बेटावर असतानाच किनाऱ्याचा चिखल उघडा पडतो. तिवरांच्या मुळांशी खेकडे धावतात, बगळे आणि थंडीत आलेल्या तुतारी चोची खुपसत फिरतात.

वार, ऋतू आणि वारा

सोमवार वगळायचा, हे आमच्याकडून शिकून घ्या. शनिवार-रविवारी गर्दी, आणि रविवारी मेगाब्लॉक. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात. त्या सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान लेण्यात दाटतात. रजा टाकता येत असेल तर मंगळवार ते शुक्रवारातला एखादा दिवस पाहा, आणि तो भांगात येतो का ते कॅलेंडरात जुळवा. महिन्यातून असे चार-पाच दिवस सहज सापडतात.

ऋतू म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात बेट हिरवंगार असतं, पण फेऱ्या हवामानाच्या मर्जीवर. बावटा लागला की लाँच बंद, आणि ते त्या दिवशी सकाळीच कळतं. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या पायऱ्या जीव काढतात.

थंडीतही एक बारकावा आहे. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो आणि पाणी शांत असतं. दुपारनंतर जमीन तापते आणि समुद्राकडून खारा वारा सुटतो. आपण परतताना पश्चिमेकडे, म्हणजे या वाऱ्याच्या तोंडावर येतो. त्यामुळे त्याच अंतरावर त्याच लाँचला संध्याकाळी जास्त हेलकावे बसतात. ज्यांना बोट लागते त्यांनी गोळी सकाळी घेतली की काम झालं असं समजू नये. परतीच्या अर्धा तास आधी आठवण ठेवावी, आणि दुपारचं जेवण हलकं ठेवावं.

धक्का आणि लाँच

तिकीट गेटवेच्या आवारातल्या खिडकीवरच घ्यावं. ते जाऊन-येऊन असतं, म्हणून त्याचा तुकडा जपून ठेवायचा. परतताना तोच दाखवावा लागतो. वरच्या डेकवर बसायचं असेल तर लाँचवर वेगळे थोडे पैसे घेतात.

बसायचं कुठे? जाताना डावीकडे, येताना उजवीकडे. थंडीत सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो. पूर्वेकडे जाताना तो उजव्या हाताला, पश्चिमेकडे येताना डाव्या हाताला. दोन्ही वेळा उत्तरेची बाजू सावलीची. पाहण्यासारखं बरंचसं त्याच बाजूला आहे : सुरुवातीला नौदलाच्या गोदीतल्या राखाडी युद्धनौका, पुढे तेलाच्या टाक्यांचं जवाहर द्वीप, त्यामागे तुर्भ्याचा डोंगर आणि अणुसंशोधन केंद्राचा घुमट. हवा स्वच्छ असेल तर दूर उत्तरेला जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूची रेघ. उजवीकडे बेट जवळ येताना न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या क्रेन जिराफांसारख्या माना काढून उभ्या असतात. हिवाळ्यात कुरव लाँचच्या मागे लागतात. लोक त्यांना गाठ्या आणि कुरकुरे फेकतात. तुम्ही फेकू नका. ते मासे खाणारे पक्षी आहेत.

लाइफ जॅकेट मिळेल ते घाला आणि बंद नीट बांधा. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाची एक वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळली आणि पंधरा जणांचा जीव गेला. शांत पाणी, स्वच्छ दुपार, रोजचा मार्ग. जॅकेट लहान मुलाच्या मापाचं आहे का, हे लाँच सुटण्याआधी पाहायचं. सुटल्यावर शोधाशोध होत नाही. लाँच भरगच्च वाटली तर उतरून पुढची घ्यायची. सकाळी ती अर्ध्या तासात येते, आणि म्हणूनच सकाळी लवकर यायचं.

धक्क्यापासून लेण्यापर्यंत

बेटाचा धक्का इतका लांब का, हा प्रश्न प्रत्येक मूल विचारतं. उत्तर ओहोटीत दिसतं. बेटाभोवती दूरपर्यंत उथळ चिखल आहे. बेटाचं क्षेत्रफळ भरतीला सुमारे दहा चौरस किलोमीटर आणि ओहोटीला सोळा, असं सांगतात. मधला फरक या चिखलवटीचा. लाँचला पुरेसं पाणी मिळावं म्हणून धक्काच समुद्रात पुढे न्यावा लागला. त्यावर छोटी झुकझुकगाडी आहे. भाडं किरकोळ. मुलं असतील तर जाताना गाडीनं जा, येताना चालत या. चालताना दोन्ही बाजूंची तिवरं नीट दिसतात.

धक्का संपल्यावर ग्रामपंचायतीचा माणशी थोडा कर घेतात. त्यानं कपाळाला आठ्या घालू नयेत. आपण जो कचरा टाकून येतो तो उचलायला हीच ग्रामपंचायत असते.

मग पायऱ्या, सुमारे एकशेवीस. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्र्यांची सावली. मण्यांच्या माळा, दगडी हत्ती, टोप्या. खरेदी उतरताना करायची हा नियम पाळला की हातही मोकळे राहतात आणि वेळही. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली मिळते, चार जण खांद्यावर घेतात. भाव आधी ठरवावा, आणि जायचा-यायचा मिळून. वर पुरातत्त्व विभागाचं तिकीट : भारतीय प्रौढाला चाळीस रुपये, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही.

लेणं पाहण्याची रीत

इथे घाई केली तर सगळी उलटी मोजणी फुकट गेली.

मुख्य लेण्याचं तोंड उत्तरेला आहे. पूर्वेला आणि पश्चिमेलाही उघडी अंगणं आहेत. सदाशिवाची प्रचंड मूर्ती दक्षिणेच्या भिंतीत, म्हणजे दारापासून सर्वांत दूर, जवळजवळ एकोणचाळीस मीटर आत. तिच्यावर थेट ऊन कधीच पडत नाही. जो उजेड पोचतो तो तीन बाजूंनी, जमिनीवरून आणि खांबांवरून परतून आलेला. उन्हातून एकदम आत गेलेल्या डोळ्यांना सुरुवातीला काळोखच दिसतो. म्हणून आत शिरल्यावर पाच मिनिटं खांबाशी नुसतं थांबायचं. मोबाईल खिशात. हळूहळू आधी खांबांच्या माथ्यावरच्या गाद्या दिसू लागतात, मग त्यांच्या रांगेच्या शेवटी तीन चेहरे वर येतात.

एवढा अवधी मिळाला की एक गोष्ट लक्षात आणून द्या, विशेषतः मुलांच्या. हे बांधलेलं नाही. बेसॉल्टच्या डोंगरातून नको तो दगड काढून टाकला, तेव्हा खांब उरले. एक खांब चुकला असता तर दुसरा आणून लावायची सोय नव्हती. काम साधारण सहाव्या शतकाचं मानतात. कुणी करवलं याचा लेख आज जागेवर नाही. पोर्तुगिजांनी इथून नेलेला एक शिलालेख पुढे गहाळ झाला. इथे सापडलेल्या कलचुरी राजांच्या नाण्यांवरून अभ्यासक त्या घराण्याकडे बोट दाखवतात. १९८७ मध्ये युनेस्कोनं हे जागतिक वारसा स्थळ म्हणून नोंदवलं.

आता पाहण्याचा क्रम. शिल्पं जोड्यांनी आहेत, आणि प्रत्येक जोडीत दोन विरुद्ध भाव समोरासमोर ठेवले आहेत. हे कळलं की गाइड नसला तरी चालतं.

उत्तरेच्या दारात एका बाजूला नाचणारा शिव, दुसऱ्या बाजूला योगात बसलेला शिव. एकाचं अंग वळलेलं, दुसऱ्याचं कमळावर स्थिर. पूर्वेच्या दारापाशी एकीकडे रावण कैलास हलवतोय. दुसरीकडे त्याच कैलासावर शिव-पार्वती निवांत द्यूत खेळताहेत. पश्चिमेच्या बाजूला एकीकडे शिव-पार्वतीचं लग्न, लाजून मान खाली घातलेली नवरी; समोर अंधकासुराचा वध, सुळे बाहेर आलेला तोच नवरा. दोन शिल्पांच्या बरोबर मधे उभं राहायचं आणि मान एकदा इकडे, एकदा तिकडे वळवायची. घडवणाऱ्यांनी तुमच्यासाठी जागा तिथेच ठेवली आहे.

मग दक्षिणेची भिंत. डावीकडे अर्धनारीश्वर, उजवीकडे गंगा जटेत झेलणारा गंगाधर, आणि मधे विसेक फूट उंचीचा सदाशिव. याला आपण 'त्रिमूर्ती' म्हणतो, आणि ब्रह्मा-विष्णू-महेश असं मुलांना सांगून मोकळे होतो. ते तसं नाही. तिन्ही चेहरे शिवाचेच. मधला शांत, पापण्या मिटलेला, तत्पुरुष. आपल्या डाव्या हाताचा मिशीवाला, कपाळाला आठी घातलेला, हाती साप, तो अघोर. उजव्या हाताचा कोवळा, कमळ धरलेला, तो वामदेव. त्याला उमेचा चेहराही मानतात. शिवाच्या पाच मुखांतली उरलेली दोन कोरलेली नाहीत : एक मागच्या कातळात आहे असं समजायचं, एक वर. दारातल्या जोड्यांमध्ये जे विरुद्ध भाव वेगवेगळे पाहिले, ते इथे एकाच मानेवर आलेले दिसतात. म्हणून सदाशिव शेवटी पाहायचा. लोक आत शिरताच थेट त्याच्याकडे धावतात, फोटो काढतात आणि वळतात.

लिंगाचं गर्भगृह मधोमध नाही, पश्चिमेकडे आहे. चारी दिशांना चार दारं, प्रत्येक दाराला दोन, असे आठ द्वारपाल. बहुतेकांचे हात-पाय तुटलेले. भिंतींमधल्या शिल्पांचीही कंबरेखाली मोडतोड झालेली दिसते. पोर्तुगीज काळात इथे बरीच नासधूस झाली. तुटलेल्या जागांकडेही नीट पाहावं. कोणता पाय कसा दुमडला असेल हे ओळखायचा खेळ मुलं आनंदानं खेळतात.

जेवण आणि माकडं

मुख्य लेण्यापासून पुढे त्याच डोंगराच्या कडेनं आणखी चार लेणी आहेत, काही अर्धवट राहिलेली. अर्ध्या तासात होतात. मग भूक लागते, आणि नेमकी माकडांनाही.

त्यांच्याशी भांडणात आपण हरतो. हातात प्लॅस्टिकची पिशवी म्हणजे आमंत्रण. बाटलीचं झाकणसुद्धा ती सराईतपणे काढतात. डबा पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवायचा आणि उघडायचा तो छपराखाली. पायऱ्यांच्या आसपास छोटी उपाहारगृहं आहेत, तिथे साधं जेवण मिळतं. काकडी, कैरी, आवळे, बोरं गावातल्या बायका टोपलीत घेऊन बसतात. त्यांच्याकडून घ्या, पण उभ्या उभ्या खाऊन संपवा.

पाणी मात्र घरून न्या, माणशी दोन लिटर. बेटाचं पाणी पावसाचं साठवलेलं, आणि उन्हाळ्याकडे ते गावालाच कमी पडतं. रिकाम्या बाटल्या सॅकमधून परत. इथला कचराही शेवटी लाँचनंच न्यावा लागतो.

उरलेला एक तास

जेवणानंतर बहुतेक लोक धक्क्याकडे वळतात. आपल्याकडे तास उरला आहे. तीन वाटा आहेत, एकच निवडायची.

पाय चांगले असतील तर पश्चिमेच्या टेकडीचा माथा. वर जुन्या मोठ्या तोफा आहेत, आणि तिथून सगळं बंदर नकाशासारखं पसरलेलं दिसतं. सकाळची लाँच कुठून आली ते मुलांना बोटानं दाखवता येतं.

पाय थकले असतील तर गावाकडे. इथे वीज समुद्राखालून टाकलेल्या साडेसात किलोमीटरच्या केबलमधून फेब्रुवारी २०१८ मध्ये आली. त्याआधी संध्याकाळी जनरेटर चालेल तेवढे तीन-साडेतीन तास दिवे. मुंबईचा झगमगाट समोर पेटलेला आणि इथे अंधार. एखाद्या ओट्यावर चहा घेत बसलात तर ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. लोकांच्या अंगणात न विचारता फोटो काढू नका.

तिसरी वाट पूर्वेच्या टेकडीकडची. तिथे विटांचा जुना स्तूप आणि बौद्ध लेणी आहेत. त्या बाजूच्या मोराबंदरच्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरंही मिळाली आहेत. ज्या चिखलात आज लाँच रुतेल त्याच्या काठाशी कधीकाळी परदेशी माल उतरत होता. पण ही वाट झाडीतली आणि लांबची. गावातला माणूस बरोबर हवा, आणि एका तासात ती होत नाही. तिच्यासाठी दुसरी सहल ठेवा.

चारची लाँच

अष्टमीच्या त्या दिवशी आम्ही साडेतीनला धक्क्यावर होतो. पाणी चढत होतं. लाँच हलली, वारा तोंडावर आला, मावशीनं पदर कानाला गुंडाळला. पाचला गेटवेच्या वरच्या, कोरड्या पायरीवर तिनं खलाशाचा हात न धरता पाय ठेवला आणि मागे वळून आमच्याकडे पाहिलं. बोलली काही नाही.

सहल तिथे संपली, पण कागद संपला नव्हता. सगळ्यात तळाशी एक ओळ होती : 'पुढच्या रविवारी राणीची बाग'. बेटाला पोर्तुगिजांनी 'एलिफंटा' हे नाव ज्याच्यावरून दिलं, तो धक्क्याजवळचा दगडी हत्ती बेटावर नाही. १८१४ च्या सुमारास त्याची मान निखळली, पुढे धडही ढासळलं. १८६४ मध्ये त्याचे तुकडे मुंबईला आणले, आणि १९१४ मध्ये जोडून तो उभा केला. आज तो भायखळ्याला, राणीच्या बागेला लागून असलेल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. आम्ही पुढच्या रविवारी गेलो. अंगभर सांधे दिसतात त्याच्या, गुडघ्यांवर तर विशेष. मावशी त्याच्यासमोर थोडा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "याची परतीची लाँच काय ती चुकली."